उस्मानाबादचे पंच

न्यायाला उंची दिसत नाही. न्याय फक्त पाय बघतो.

रेणुकादास सर हे वाक्य दर रविवारी सकाळी, लातूरच्या आमच्या मातीच्या बास्केटबॉल मैदानावर, स्टुलावर चढून उच्चारत. स्टूल लागायचंच. सर पाच फूट एक इंच, आणि ज्या महादेवीला ते हे ऐकवत ती सहा फूट. खाली उभं राहून सांगितलं तर सर तिच्या कोपराला उपदेश करताहेत असं लांबून वाटे.

महादेवी ही चंद्रप्पांची थोरली. चंद्रप्पा मूळचे रेणापूरचे, लातूरच्या गंजगोलाई बाजाराजवळ त्यांची अडत. घरातली सगळी माणसं बेताच्या उंचीची आणि दारंही त्याच मापाची, त्यामुळे ही पोरगी चौदाव्या वर्षापासून वाकूनच चालायची. बाहेर छत नसतं हे तिला माहीत होतं, पण पाठीला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणीतरी तिला बास्केटबॉलच्या रिंगखाली नेऊन उभं केलं, आणि तिच्या उंचीकडे बघून "आता हिचं कसं व्हायचं" असं न म्हणणारी माणसं तिला पहिल्यांदा भेटली.

अडचण वेगळीच होती. बास्केटबॉल हा अंगाला अंग न लावता खेळायचा खेळ आहे, असं नियमांच्या पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणारे मराठवाड्यात आले नसावेत. आमच्याकडे अंगाला अंग लागायचंच, आणि मग एक पडायची, एक उभी राहायची. महादेवीच्या बाबतीत कोण पडणार हे ठरलेलं. पंच येऊन बघणार तर एक पोरगी धुळीत, दुसरी तिच्यावर सावली धरून उभी. शिट्टी कुणावर वाजणार? पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. महादेवीचे पाच मध्यंतरापर्यंत उरकायचे. मी संघटनेचा गुणलेखक, म्हणजे टेबलाशी बसून गुण आणि फाउल कागदावर मांडणारा. तिच्या नावापुढच्या पाच चौकटी मी इतक्यांदा भरल्या होत्या की हात आपोआप तिकडे जायचा.

रेणुकादास सर शाळेत ड्रिल शिकवायचे आणि विभागाचे मान्यताप्राप्त पंच होते. त्यांनी एके दिवशी तिला बाजूला घेतलं.

"वाकतेस कशाला? वाकलीस की पुढे झुकतेस, झुकलीस की धक्का तुझा. दोन्ही पाय रोव. हात सरळ वर. आता ही पायाखालची जागा तुझी. तिच्यावरचं आभाळही तुझं. सातबारा तुझ्या नावावर झाला असं समज. त्यात कुणी घुसलं अन् पडलं तर फाउल पडणारीचा."

"अन् पंचानं तरी माझ्यावरच शिट्टी मारली तर, सर?"

"तो पंच नालायक."

"तुम्ही असला तर?"

"मी?" सर स्टुलावर होते तरी आणखी दोन इंच वर झाले. "मी पाय बघतो. माणूस बघत नाही."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. सर पोत्यानं माती सारखी करत, महादेवीला त्यावर उभी करत, आणि धाकट्या पोरींना तिच्या अंगावर धावत जायला सांगत. पोरी आपटून पडल्या की सर म्हणत, "आता बाजूला हो." मग गुडघ्यावर बसून चष्मा पुसून तिच्या बुटांचे ठसे तपासत. ठसा फरपटलेला दिसला की पुन्हा. स्वच्छ उमटला की शाबास. दोन वर्षं हे चाललं. उभं राहायला शिकायला माणसाला दोन वर्षं लागतात हे मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचे ठसे असे उमटायला लागले की जणू बूट कुणी नुकतेच काढून ठेवलेत.

लातूर उस्मानाबादमधून फुटून वेगळा जिल्हा झाला त्याला वर्ष व्हायचं होतं, आणि धड पाऊस पडून दोन वर्षं होऊन गेली होती. जिल्हा झाला तेव्हा गुलाल उधळला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या. मीही एका पाटीखाली कारकून होतो. पाटीच्या आत सगळं उस्मानाबादचंच. कपाटं तिकडची, शिक्के तिकडचे, साहेब तिकडून बदलून आलेले. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेवढं मात्र अस्सल लातूरचं.

अशात विभागाची निवड स्पर्धा नांदेडला जाहीर झाली. तिथून आठ मुली निवडायच्या, त्यांचं वर्षभराचं शिबिर पुण्याला. औरंगाबादहून कागद आले त्यात पंचांची यादीही होती. यादी जुनीच, पुन्हा टाइप केलेली. त्यात आमच्या रेणुकादास सरांच्या नावापुढे जिल्हा लिहिला होता: उस्मानाबाद.

नियम असा की अंतिम सामन्याचा मुख्य पंच तिसऱ्याच जिल्ह्याचा लागतो. नांदेड आणि लातूर फायनलला येणार हे सगळ्यांना दिसत होतं. आणि कागदावर आमचे सर तिसऱ्या जिल्ह्याचे होते.

मी यादी घेऊन सरांकडे गेलो. सरांनी ती दोनदा वाचली.

"चूक आहे. कळवायला पाहिजे."

"कळवू की, सर. स्पर्धा झाली की लगेच कळवू."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि विषय पाणीटंचाईकडे नेला. झालं. कुणी कुणाला काही बोललं नाही. मी तेवढ्याच आनंदात चंद्रप्पांच्या अडतीत गेलो. दुष्काळात अडतीत दुसरं काय असणार? काट्यावर एक मांजर झोपलं होतं.

"अप्पा, काळजी सोडा. फायनलला पंच आपले सर आहेत."

चंद्रप्पांनी मांजराकडे बघितलं. "मला खेळातलं काय बी कळत न्हाई. पोरीला म्हनलोय, निवड झाली तर एक साल पुण्याला जा, खेळ. न्हाई झाली तर उदगीरचं स्थळ हाय. पोरगा पाच फूट सहा हाय. चालतंय म्हनला."

"होतेय की निवड. दोन वर्षं सरांनीच शिकवलंय, अन् शिट्टीबी सरांचीच."

"मग झालं," चंद्रप्पा म्हणाले. माल नव्हता, म्हणून तेही मॅच बघायला आमच्याबरोबर नांदेडला आले.

मातीच्या मैदानावर सामन्याआधी पाणी शिंपडतात, म्हणजे धूळ बसते. नांदेडच्या यजमानांनी टँकर सांगितला होता. टँकर निघालाही. पण वाटेत दोन गल्ल्यांनी घागरी लावल्या, आणि मैदानावर आला तेव्हा त्यात बादलीभर पाणी होतं. ते निवड समितीच्या दोन खुर्च्यांभोवती शिंपडण्यात आलं. उरलेल्या मैदानावर पीठ सांडल्यासारखी घोटाभर धूळ. दुसरे पंच परभणीचे होते. ते मला धुळीतून अधूनमधून दिसत.

टेबलाशी माझ्या शेजारी घड्याळ घेऊन श्रीमंत नावाचे नांदेडचे गृहस्थ बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी मला तंबाखू दिली आणि विचारलं,

"काय हो, तुमचे पंच उस्मानाबादला कुठं राहतेत?"

"गावातच."

"कुठल्या गावात?"

मी तंबाखू मळत राहिलो.

"मळा, मळा," श्रीमंत म्हणाले. "आमाला काय कळत न्हाई असं समजून राहिले का? मागच्या महिन्यात माझ्या मेव्हण्यानं ह्यांना गंजगोलाईत भाजी घेताना बघितलंय."

नांदेडच्या संघात विनीता नावाची एक मुलगी होती. चार फूट अकरा इंच. विजेसारखी पळायची, आणि पडायची तर अशी की बघणाऱ्याचं काळीज हलावं. तिचं "आई गं" आधी यायचं, धक्का मागाहून. तिचा डाव साधा होता. चेंडू घेऊन सरळ महादेवीच्या अंगावर जायचं आणि पडायचं. बाकीचं काम पंचाचं.

पहिल्या पाच मिनिटांत ती अशी दोनदा पडली. महादेवी हात वर करून खांबासारखी उभी. दोन्ही वेळा रेणुकादास सर धावत आले, खाली बघितलं, आणि शिट्टी विनीतावर मारली. मी टेबलाशी बसून मनातल्या मनात स्टूल उचलून नाचलो.

लोक पेटले. "ओ उस्मानाबाद! तुळजापूर कुठल्या वाटेनं हाय, सांगा की!" "ए विजेच्या खांबा, जरा बाजूला सरक, हवा येऊ दे!" एकानं तर सरांना विचारलं, "मास्तर, लातूरच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येतंय?" सर अनवधानानं "गुरुवारी" म्हणणार होते, पण शिट्टी तोंडात होती म्हणून वाचले.

मध्यंतराला आम्ही सात गुणांनी पुढे. महादेवीचे दोनच फाउल. तेही खरे होते, तिनंच मान डोलावली होती. निवड समितीतले एक जण तिच्याकडे पेन्सिल रोखून दुसऱ्याच्या कानात काही बोलले. चंद्रप्पांना खेळ कळत नव्हता, पण पेन्सिल कळली. त्यांनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात यजमानांचे कार्यवाह सरांसाठी पाणी घेऊन आले. काठोकाठ भरलेला पेला. त्या दिवसांत नांदेडात काठोकाठ पेला म्हणजे काय हे सांगायला नको.

"सर, पाणी घ्या. लोकांचं मनावर घेऊ नका."

"काय म्हणताहेत लोक?"

"काय न्हाई हो. म्हणून राहिले, पंच लातूरचा हाय, आपल्या पोरीला सांभाळून राहिला. मी म्हणलं, छे! रेणुकादास सरांचं नाव अख्ख्या विभागात हाय. ते कुणाला सांभाळणार न्हाईत. म्हणलं, बघाच तुमी आता."

सरांनी पेला संपवला. खाली ठेवला. शर्टाची कॉलर सरळ केली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मूर्खासारखा तंबाखू खात होतो.

उत्तरार्धात सर पाय बघेनात.

तिसरा फाउल विनीता पडली म्हणून. चौथा विनीता पडणार होती म्हणून. प्रत्येक शिट्टीला लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक टाळीसरशी सरांची छाती थोडी पुढे. महादेवीनं एकदाही तक्रार केली नाही. चौथ्याला तिनं फक्त सरांकडे बघितलं. शिकवलेलं आपल्याकडूनच कुठंतरी चुकतंय, असं बघणं होतं ते. पुढच्या वेळी ती आणखी ताठ उभी राहिली.

दोन मिनिटं उरली. आम्ही एका गुणानं पुढे. विनीतानं मध्यरेषेवरून चेंडू घेतला आणि ती सुटली. महादेवी रिंगपुढे येऊन थांबली. पाय रोवले. हात वर. विनीता तीन ढांगा पळत आली, "आई गं" म्हणाली, महादेवीच्या बरगडीत खांदा घुसवला आणि मागे कोसळली.

शिट्टी वाजली.

धूळ खाली बसेपर्यंत कुणालाच काही दिसेना. बसली तेव्हा सर महादेवीकडे बोट करून उभे होते.

महादेवीनं हात खाली घेतले, एक पाय उचलून बाजूला ठेवला, मग दुसरा, आणि आपल्या जागेकडे बोट दाखवलं. धुळीत दोन ठसे होते. टाच, तळवा, बुटाच्या जाळीची एकेक चौकट. दुष्काळानं सबंध मराठवाड्यात एवढं एकच काम नीट केलं असेल. आणि त्यांच्या पुढ्यात, विनीताचा पाय घसरत आला त्याची हातभर लांब रेघ.

सरांनी बघितलं. मी टेबलावरून बघितलं की त्यांनी बघितलं. त्यांचा हात सवयीनं चष्म्याकडेसुद्धा गेला.

मग ते टेबलाकडे निघाले. वळसा घेऊन येता आलं असतं. ते सरळ आले, त्या ठशांवरून.

"पंधरा नंबर. धक्का. पाचवा."

माझं पेन हलेना. "सर, पाय..."

"लिहा."

शेजारी श्रीमंत घड्याळ थांबवून बसले होते. ते हळूच म्हणाले, "अहो, उभी होती की पोरगी." नांदेडच्या माणसानं म्हटलं, बरं का. लातूरचे आम्ही दोघे गप्प.

मी लिहिलं. पाचवी चौकट भरली. इतक्या वर्षांत माझं अक्षर इतकं वळणदार कधी आलं नव्हतं.

महादेवी बाहेर येऊन बाकावर बसली. विनीतानं दोन्ही फ्री थ्रो टाकले. आम्ही एका गुणानं हरलो. लोक मैदानात घुसले आणि त्यांनी कुणाला उचललं असेल? विनीताला नाही. रेणुकादास सरांना. "पंच असावा तर असा! सोत्ताच्या पोरीला सोडलं न्हाई!" कुणीतरी झेंडूचा हार आणला, तो बहुतेक जिंकणाऱ्या संघासाठी आणलेला असावा. खांद्यावर बसलेले सर त्या मैदानातले सगळ्यांत उंच गृहस्थ दिसत होते. मघा तुळजापूरची वाट विचारणारा घसा फोडून ओरडत होता, "लातूरचे पंच झिंदाबाद!" म्हणजे जिल्ह्याची चूक त्यांनीच दुरुस्त केली. आम्हाला कळवायचीही गरज उरली नाही.

निवड समितीनं आठ नावं वाचली. विनीताचं पहिलं. महादेवीचं नव्हतं. मी धाडस करून पेन्सिलवाल्यांना विचारलं.

"उंची आहे हो," ते म्हणाले, "पण अंगावर जाते. हा बघा तुमचाच कागद. पाच फाउल. अक्षर कुणाचं हे? सुरेख आहे."

चंद्रप्पा झाडाखाली उभे होते. मी जवळ गेलो. तेच म्हणाले,

"सर म्हनले होते उभी ऱ्हा. पोरगी उभी ऱ्हायली. एवढंच मला दिसलं. मला खेळातलं कळत न्हाई." मग म्हणाले, "सांगायला तुमी आला होता, न्हाई का? पंच आपले हायत म्हनून."

"हो, अप्पा."

"उदगीरला पत्र टाकतो."

परतीची एसटी दुपारची. गाडीत माणसं, बोचकी आणि रिकामे डबे खच्चून भरलेले. महादेवी खिडकीशी बसली. मान वाकवूनच, वरच्या फळीला डोकं लागत होतं म्हणून. सर माझ्या शेजारी. हाराचा दोरा तेवढा गळ्यात राहिला होता, फुलं लोहा येईपर्यंत गळून गेली.

"तुला राग आलाय," सर मला म्हणाले. "पण समजून घे. मी तिला झुकतं माप दिलं असतं तर विभागभर बोभाटा झाला असता."

"झुकतं कुणी मागितलं होतं, सर? सरळच द्यायचं होतं."

"सरळ दिलं असतं तर ते झुकतं दिसलं असतं."

अहमदपूरला गाडी थांबली, अर्धी माणसं उतरली, आणि महादेवी उठून आमच्या बाकाशी आली. वरची दांडी धरायला तिला हात ताणावा लागत नव्हता.

"सर, मी हलले होते का?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं. नांगरलेली रानं, पेरणी नाही.

"मला एवढंच सांगा. हलले असेन तर माझं चुकलं. मी घरी जाऊन तसं सांगते."

"प्रश्न हलण्याचा नव्हता गं."

"मग?"

"तू एवढी थोराड. ती एवढीशी, खाली पडलेली. लोकांना काय दिसणार?"

"लोकांना कायबी दिसू दे, सर," ती म्हणाली. "तुम्ही तर खाली बघितलं होतं."

ती जाऊन आपल्या जागेवर बसली. चाकूर आलं, गेलं. टीममधल्या पोरी झोपल्यासारखं करत होत्या. चंद्रप्पा पुढच्या बाकावर समोरच्या पत्र्यावरची सूचना वाचत होते, एकच सूचना, चाकूरपासून लातूरपर्यंत. मला वाटत होतं, सर अजून उठतील. नालायक पंच कोण असतो हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. एका वाक्याचं काम होतं. चंद्रप्पांच्या कानावर पडेल असं बोलले असते तर पत्र चार दिवस तरी लांबलं असतं.

लातूरचा स्टँड आला तेव्हा दिवे लागायचे होते. गाडी थांबली. माणसं बोचकी ओढत उतरायला लागली. आणि सर खरोखरच उठले. खाकरले. कॉलर सरळ केली. गळ्यातला दोरा काढून खिशात घातला.

"महादेवी," ते म्हणाले.

ती वळली. पोरींनी डोळे उघडले. चंद्रप्पा दारातल्या पायरीवर एक पाय ठेवून तसेच थांबले. कंडक्टरसुद्धा घंटीची दोरी सोडून बघायला लागला. म्हटलं, चला, उशिरा का होईना.

"वरच्या फळीवर माझी पिशवी कुणीतरी पार आत सारलीय," सर म्हणाले. "माझा हात पुरत नाही गं. तेवढी काढून देतेस का?"